जुन्या बिल्डिंगमध्ये महिलांसाठी परवडणारी घरं करताय? या चुका टाळा

जुनी बिल्डिंग हाताशी आहे, जरा डागडुजी केली, रंग मारला की कमी भाड्याच्या खोल्या तयार, असं वाटणं साहजिक आहे पण गाडी इथेच घसरते. कारण आत्ता नको तिथे वाचवलेला पैसा नंतर रिपेअरिंगचं बिल होऊन येतो, आणि ते बिल कुणाच्या भाड्यात चढतं हे वेगळं सांगायला नको.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटच्या (इंजिनिअरकडून बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी) आधीच खोल्यांचा प्लॅन काढून बसणं. स्लॅबचे पोपडे पडतायत, सळई दिसतेय, तर कॉन्ट्रॅक्टर सिमेंट थापून मोकळा होतो. पण गंजलेली सळई फुगते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, मग तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि नवीन प्लास्टरही खाली येतं. ऑडिटमध्ये कार्बोनेशन टेस्ट करायला सांगाच. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन नावाचं रंग बदलणारं रसायन मारतात, गुलाबी झालं तर सळईला गंजापासून वाचवणारा तिथला अल्कलीपणा शाबूत आहे, रंग चढलाच नाही तर तो गेलाय, आणि हा बिनरंगाचा पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर नुसत्या प्लास्टरने भागणार नाही. सळई उघडी करून, घासून, किती झिजलीय ते इंजिनिअरने बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

प्रत्येक खोलीला अटॅच्ड बाथरूम ही कल्पना छान आहे, पण जुन्या स्लॅबवर भराव, टाइल्स, नवीन भिंती असं वजन चढत जातं, वर गच्चीवर 5000 लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच 5 टन! बाथरूम एकावर एक येतील असे घ्या, पाइप सरळ खाली उतरतात, लीकेज शोधायलाही सोपं जातं.

रंग मारून काही महिन्यांत ओल परत आली? मग ती भिंतीची नाही, पाण्याची भानगड आहे. वरचं बाथरूम, गच्ची, फुटका पाइप, आधी तिथे बघा. वॉटरप्रूफ रंगाने ओल फक्त झाकली जाते, आणि चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट प्लास्टर केलं तर आतला ओलावा बाहेर पडायला वावच राहत नाही.

सकाळी सकाळी एमसीबी (लोड वाढला की वीज तोडणारा स्विच) पडतोय? 2000 वॉटचे 12 गीझर एकदम लागले तर 24 किलोवॉट होतात, जुनी वायर एवढं कुठून पेलणार. यावर जास्त अँपिअरचा एमसीबी टाकणं हा उपाय नाहीच, उलट आगीला आमंत्रण. वायरिंग बदला, अर्थिंग तपासा, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा. जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक, म्हणून ते फोडायचे नाहीत, जाणकाराकडूनच काढून घ्या.

आता सेफ्टी. याच्या नावाखाली जे होतं ते बघून खरंच राग येतो. रात्री मेन गेटला बाहेरून कुलूप, खिडक्यांना न उघडणारी ग्रिल, आणि दुसरा जिना अडगळीने भरलेला. आग लागली तर बायकांनी जायचं कुठून? कुलूप असं हवं की बाहेरून किल्ली लागेल पण आतून नुसतं फिरवून उघडेल, ग्रिलचा एक भाग उघडणारा हवा, जिन्यात आणि पार्किंगमध्ये लाइट हवेत, खोलीला आतून पक्की कडी हवी. कॅमेरे चालतील, पण या सगळ्याच्या नंतर.

प्लॅन फायनल करायच्या आधी तिथे राहणार असतील अशा चार जणींना विचारा हो. कपडे वाळवायला आडोशाची जागा, सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा (तो नसला की ड्रेनेज तुंबतं आणि शिव्या प्लंबरला), लहान मूल घेऊन राहणारीसाठी जरा मोठी खोली, हे ड्रॉइंगमध्ये बहुतेक वेळा नसतंच.

आणि बजेट शेवटच्या पैशापर्यंत ताणू नका, जुनी भिंत फोडली की काहीतरी निघतंच, त्यामुळे 15 ते 20 टक्के बाजूला ठेवा. भाडं ठरवतानाच त्यात लिफ्ट, पंप, गच्चीची दुरुस्ती यांचा महिन्याचा वाटा धरा, नाहीतर लिफ्ट बंद पडली की एकदम मोठी वर्गणी मागावी लागते आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्याच आधी घर सोडून जातात.