पायलट रेग्युलेटरच्या तपासणीला जाण्यापूर्वी: डीआरएसवरच्या कामाची तयारी

पाइपने घरात येणारा गॅस शेगडीपाशी २१ मिलिबार इतक्या मंद दाबाने पोहोचतो, मात्र रस्त्याखालच्या पोलादी वाहिनीत त्याचा दाब १५ ते १९ बारच्या घरात असतो. मधला मोठा उतार डीआरएसमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या दाब-नियंत्रण केंद्रात, होतो. तेथे दाब सुमारे ४ बारवर आणून गॅस पॉलिथिलीनच्या वाहिन्यांत सोडला जातो आणि हे काम बहुधा पायलटवर, म्हणजे एका छोट्या मदतनीस रेग्युलेटरवर, चालणारा रेग्युलेटर करतो. त्याच्या नियतकालिक तपासणीला निघण्यापूर्वी काय हाताशी असावे आणि काय डोक्यात असावे, याची ही यादी आहे. बहुतेक ठिकाणी मुख्य व्हॉल्व्हचे सुटे भाग आठवणीने नेले जातात आणि पायलटचे विसरले जातात, प्रत्यक्षात तक्रारींचे मूळ मात्र पायलटमध्ये किंवा त्याच्या बारीक नळ्यांमध्येच अधिक वेळा सापडते. म्हणून तयारी पायलटपासून सुरू करावी.

सर्वांत आधी केंद्राचा आराखडा आणि उत्पादकाची पुस्तिका काढून आपला रेग्युलेटर कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे. साध्या स्प्रिंगच्या रेग्युलेटरमध्ये मागणी वाढली की व्हॉल्व्ह अधिक उघडण्यासाठी स्प्रिंगला लांबावे लागते, लांबलेल्या स्प्रिंगचा जोर घटतो आणि त्यामुळे बाहेरचा दाब ठरवलेल्या पातळीपेक्षा खाली उतरतो. पायलट ही उणीव भरून काढतो. तो स्वतः एक छोटा रेग्युलेटर असतो, बाहेरच्या दाबातला किंचित फरकही त्याच्या डायफ्रॅमला, म्हणजे दाबाने हलणाऱ्या लवचिक पडद्याला, जाणवतो आणि आतल्या बाजूच्या (जिकडून गॅस येतो त्या बाजूच्या) उच्च दाबाचा गॅस वापरून तो मुख्य डायफ्रॅमवरचा दाब बराच मोठ्या प्रमाणात बदलतो. लोडिंग पद्धतीत बाहेरचा दाब घटला की पायलट मुख्य डायफ्रॅमखाली गॅस भरतो आणि व्हॉल्व्ह उघडतो, तर मागणी कमी झाल्यावर तो गॅस एका अरुंद छिद्रातून बाहेरच्या वाहिनीत निघून जातो. अनलोडिंग पद्धतीत याच्या उलट घडते: रिस्ट्रिक्टरमधून, म्हणजे प्रवाह रोखून धरणाऱ्या बारीक छिद्रातून, आलेला आतल्या बाजूचा गॅस मुख्य घटकाला दाबून बंद ठेवतो आणि पायलट तो गॅस सोडून देतो तेव्हाच वाट मोकळी होते.

हा फरक कागदावरच समजून घेण्याचे कारण असे की, एकाच प्रकारच्या कचऱ्याचा परिणाम दोन्ही जातींत वेगळा होतो. लोडिंग प्रकारात पायलटकडे जाणारा फिल्टर तुंबला तर रेग्युलेटर बंद होऊ लागतो, पण गॅस बाहेर सोडणारे अरुंद छिद्र तुंबले तर तो उघडाच राहतो आणि दाब चढतो. अनलोडिंग प्रकारात रिस्ट्रिक्टर तुंबला की दाबून धरणारा गॅस भरला जात नाही आणि व्हॉल्व्ह उघडण्याकडे झुकतो. तेव्हा मागील नोंदवहीतील तक्रार वाचून, ती दाब चढण्याची आहे की उतरण्याची, यावरून कोणते छिद्र प्रथम पाहायचे हे कार्यालयातच ठरवता येते. रिस्ट्रिक्टर फिरवता येण्याजोगा असेल तर तो सध्या कोणत्या आकड्यावर आहे हे खोलण्यापूर्वी लिहून घ्यायचे आहे, अशी खूण कामाच्या कागदावर आधीच करून ठेवावी.

त्यानंतर इम्पल्स लाइन, म्हणजे बाहेरच्या दाबाची खबर पायलटपर्यंत नेणारी नळी. ती तुटली किंवा तिचा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला, तर पायलटला बाहेर दाबच नाही असे भासते आणि तो मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. म्हणूनच सक्रिय रेग्युलेटर, मॉनिटर (सक्रिय रेग्युलेटर बिघडल्यास दाब सांभाळणारा दुसरा रेग्युलेटर) आणि स्लॅम शट व्हॉल्व्ह (दाब फार चढल्यास गॅस झटक्यात बंद करणारा) या तिघांच्या नळ्या वेगवेगळ्या आहेत ना, हे आराखड्यावर बोट ठेवून तपासावे. त्या एकाच ठिकाणाहून काढलेल्या आढळल्यास ती बाब तपासणीच्या दिवसापर्यंत न थांबता वरिष्ठांना लेखी कळवावी, कारण एका नळीच्या बिघाडात तिन्ही संरक्षणे आंधळी होतात. नळीचा सांधा रेग्युलेटरपासून दूर, सरळ पाइपवर असायला हवा. कोपऱ्यालगत किंवा व्हॉल्व्हलगत प्रवाह घुसळलेला असतो आणि तेथून मिळणारी खबर भरवशाची नसते. दाब सतत वरखाली होण्याच्या तक्रारी काही वेळा एवढ्यावरच येऊन थांबतात.

दाबाच्या पायऱ्यांचा तक्ता सोबत घ्यावा. उदाहरणादाखल, सक्रिय रेग्युलेटर ३.८ बारवर लावलेला असून त्याचा लॉक-अप वर्ग, म्हणजे मागणी थांबल्यावर दाब ठरवलेल्या पातळीपेक्षा किती चढू शकतो याची मर्यादा, ५ टक्क्यांचा असेल, तर मागणी शून्य झाल्यावर दाब ३.९९ बारपर्यंत चढणे नियमात बसते. अशा वेळी मॉनिटर ३.९ वर लावला तर तो विनाकारण मध्ये पडेल, त्याला ४.१ च्या आसपास जागा द्यावी लागते. त्यावर गळतीने चढलेला जादा दाब बाहेर सोडण्यापुरता लहान रिलीफ व्हॉल्व्ह आणि सर्वांत वर स्लॅम शट, अशी चढण राहते. राखीव स्ट्रीम, म्हणजे केंद्रातली रेग्युलेटरची दुसरी समांतर वाट, मुख्य स्ट्रीमच्या किंचित खालच्या दाबावर लावलेली असते. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत; प्रत्यक्षात केंद्राच्या मंजूर तक्त्यातलेच वापरावेत. राखीव स्ट्रीम परिसराची संपूर्ण मागणी पेलते याची खात्री झाल्याशिवाय, आणि स्वयंपाकाच्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा टाळल्याशिवाय, कामाचा दिवस निश्चित करू नये.

पेटीत पायलटचा डायफ्रॅम, सीट (व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर टेकतो तो भाग), ओ-रिंग आणि फिल्टर यांचा त्याच मॉडेलचा संच, मुख्य व्हॉल्व्हचा संच, कॅलिब्रेशनची मुदत न संपलेले दाबमापक, साबणाचे पाणी, ठिणगी न पाडणारी अवजारे आणि उत्पादकाने सांगितलेलेच ग्रीस असावे. ग्रीस बोटभर नव्हे, ओ-रिंग चमकण्यापुरतेच लावायचे असते, जास्तीचे ग्रीस पायलटच्या छिद्रात जाऊन बसते. कामाचा परवाना, कोरड्या पावडरचे अग्निशामक आणि गॅस डिटेक्टर यांवाचून कुलूप उघडू नये. नैसर्गिक वायू हवेत सुमारे ५ ते १५ टक्के असताना पेट घेऊ शकतो, म्हणून डिटेक्टर आदल्या दिवशी तपासून चार्ज करून ठेवावा.

पावसाळ्यापूर्वीच्या फेरीत पायलटच्या स्प्रिंग-कोठीचे व्हेंट विसरू नये. त्याचे तोंड खाली वळलेले आणि जाळी शाबूत असावी, कारण पावसाचे पाणी आत साचते आणि उन्हाळ्यात कुंभारमाशी नेमके तेच भोक मातीने लिंपून टाकते. व्हेंट बंद झाले की डायफ्रॅमवरची हवा कोंडते आणि पायलट सुस्त होतो. बारीक तार आणि नवी जाळी सोबत ठेवली तर हे काम दोन मिनिटांचे आहे. दाब १५ बारने उतरताना गॅस सहा-सात अंशांनी थंड होतो, त्यामुळे गॅसमध्ये ओलावा असल्याचा संशय असेल तर पायलटच्या फिल्टरखालील निचऱ्याकडेही लक्ष द्यावे.

स्ट्रीम पुन्हा चालू करण्याचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून नेणे हितावह आहे, कारण घाई तेथेच होते. पायलटची स्प्रिंग पूर्ण सैल करावी, इम्पल्स लाइनचा व्हॉल्व्ह उघडा असल्याचे हाताने तपासावे, स्लॅम शटच्या दोन्ही बाजूंचा दाब त्याच्या छोट्या बायपासने समान करून मगच तो पुन्हा चढवावा, म्हणजे उघड्या स्थितीत आणावा, आतला व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडावा आणि बाहेर थोडासा प्रवाह सोडून पायलटचा स्क्रू मापकाकडे पाहत हळूहळू आवळावा. त्यानंतर बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून लॉक-अप पाहावा: दाब थोडा चढून थांबला तर सीट ठीक आहे, चढतच राहिला तर मुख्य किंवा पायलटच्या सीटमधून गॅस झिरपतो आहे आणि स्ट्रीम सेवेत देऊ नये. या चाचणीसाठी परवान्याच्या वेळेत निदान अर्धा तास मोकळा धरावा, आणि रेकॉर्डरवरील त्या रात्रीचा पहाटेचा, सर्वांत कमी मागणीचा, आलेख दुसऱ्या दिवशी कोण पाहणार त्याचे नाव कामाच्या कागदावर आधीच लिहावे.