ड्रॉवरच्या तळाला पोट सुटलंय? खिळे ठोकण्याआधी या चुका टाळा

खोक्यातून सुटं येतं आणि घरी जोडावं लागतं, त्या फर्निचरचा ड्रॉवर रुमाल-बनियनसाठी बनवलेला असतो. आपण त्यात फायली, स्टीलची ताटं, पाने-पकडी कोंबतो. ए-फोर कागदाचं 500 पानांचं एक रीमच सव्वादोन किलोच्या वर भरतं. अशी पाच-सहा रीमं आडवी बसतील एवढ्या ड्रॉवरचा तळ असतो 3 मिमीचा हार्डबोर्ड, खाचेत नुसता सरकवलेला. काही महिन्यांत त्याला पोट सुटतं. मग रविवारी सकाळी घरातला कुणीतरी हातोडी आणि मूठभर खिळे घेऊन फतकल मारून बसतो.

हे खिळेच माझ्या डोक्यात जातात. ड्रॉवरची बाजू म्हणजे भुसा आणि गोंद दाबून केलेला 12 नाहीतर 15 मिमीचा पार्टिकल बोर्ड. त्यात खाच पाडलेली, आणि खाचेखाली उरते ती जेमतेम सेंटिमीटरभराची कड. त्या कडेत खालून खिळा गेला की बोर्ड आतून फुटतो. वरचा पांढरा लॅमिनेट शाबूत दिसतो, म्हणून लक्षात येत नाही. महिन्याभराने कडेचा लांबच लांब तुकडा हातात येतो. खाच गेली की तळ कशात बसवणार?

मी करतो ते असं. ड्रॉवर रिकामा करून बाहेर काढतो. मागच्या फळीचे दोन-तीन स्क्रू सोडले की बहुतेक तळ मागे सरकून निघतो. पोट वर येईल असा तो जमिनीवर पालथा घालून त्यावर रात्रभर धान्याचे डबे ठेवतो. तळ सरळ झाला की परत खाचेत घालायचा, ड्रॉवर उलटा करायचा आणि 12 मिमी प्लायची, चारेक सेंटिमीटर रुंद पट्टी पुढून मागे, मधोमध चिकटवायची. रुंद ड्रॉवर असेल तर दोन पट्ट्या. पट्टीची टोकं पुढच्या आणि मागच्या फळीला छोट्या एल-पट्टीने जोडा, नाहीतर ती तळाबरोबरच खाली येईल. आणि स्क्रूची लांबी बघून घ्या: 15 मिमीच्या फळीत 12 मिमीचा. पुढून टोक बाहेर आलेले ड्रॉवर मी बघितलेत.

फेविकॉल लॅमिनेटवर धरत नाही. तो लाकडात मुरला पाहिजे. हार्डबोर्डची खडबडीत, जाळीसारखी बाजू चालते. खाली पांढरा छाप असेल तर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा. आणि 24 तास हात लावू नका. ‘फेविक्विकने पाच मिनिटांत होतं की’ म्हणणाऱ्यांनी पाचच मिनिटं वापरावा तो ड्रॉवर.

6 मिमी प्लाय घालायचा उत्साह असेल तर खाच रुंद करायला जाऊ नका. प्लाय चारी बाजूंनी मिलिमीटरभर कमी कापून आतून, जुन्या तळावर चिकटवा. एकाच जातीच्या फळीची जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, त्यामुळे 6 मिमी पुष्कळ झालं. खाली जागा असेल तर बाजूंच्या फळ्यांना आतून 12 मिमीच्या पट्ट्याही चिकटवा, म्हणजे सगळा भार खाचेवर राहत नाही. खालच्या ड्रॉवरला घासणार नाही ना, ते आधी मोजा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: तळ पक्का करायचा आणि चॅनेलकडे, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांकडे, बघायचंच नाही. माझ्या नाशिकच्या मावसभावाकडे गणपती झाले की समया, ताम्हणं, घंटा असं सगळं पितळ एका रुंद ड्रॉवरमध्ये जातं. तळ वाकला म्हणून त्याने थेट 18 मिमीचा प्लाय बसवून घेतला. एवढ्या मापाचा प्लायच साडेतीन किलोच्या पुढे जातो, पण कौतुक असं की विचारू नका. पुढच्या वर्षी वहिनींनी समया काढायला ड्रॉवर पूर्ण ओढला आणि उजवा चॅनेल कपाटाच्या बाजूतून तिन्ही स्क्रूंसकट, वाटीभर भुसा घेऊन बाहेर आला. लादीचा कोपरा उडाला, समईच्या मोराची चोच वाकली. वहिनी बाजूला उभ्या होत्या म्हणून पाय वाचला.

यावर भावाचा उपाय काय, तर त्याच भोकात जाडा स्क्रू. तो दोन दिवस धरतो. काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल हा घरोघरचा इलाज अस्सल लाकडात, हलक्या बिजागरीला ठीक आहे. भुशाच्या बोर्डात आणि एवढ्या वजनाला नाही. भोक 8 मिमीच्या ड्रिलने साफ करा, 8 मिमीची डॉवेल (लाकडाची गोल खुंटी) फेविकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, कडेला समतल कापा, मग अडीच मिमीचं बारीक भोक पाडून स्क्रू घाला. ड्रिलच्या पात्याला 12 मिमीवर टेप गुंडाळा, म्हणजे फळी आरपार जाणार नाही.

त्याहून सोपं म्हणजे चॅनेल नीट बघा. त्याला भोकं भरपूर असतात, माहितीपत्रकात दोन-तीनच वापरायला सांगतात. लांबट भोकांतल्या स्क्रूंनी ड्रॉवर सरळ करून घ्या आणि मग रिकामी गोल भोकं भरा. दहा मिनिटांचं काम, पण करत कुणी नाही. प्लॅस्टिकच्या चाकांचा पांढरा चॅनेल असेल तर तो बदलून बॉल बेअरिंगचा टेलिस्कोपिक, म्हणजे एकातून एक पट्टी बाहेर सरकणारा, घ्या; बाजूला जागा दोघांना जवळपास सारखीच लागते. खोक्यावर लिहिलेले 35 किंवा 45 किलो हे जोडीचे, समान पसरलेल्या वजनाचे असतात. ड्रॉवरचं स्वतःचं वजन त्यातच आलं. तुमचा भुशाचा बोर्ड तेवढं धरेल असं चॅनेलवाला कुठेच म्हणत नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. जिप्समच्या छताला लावतात ते काळे स्क्रू वापरू नका. ते कडक असतात, आडव्या भाराने तुटतात. पार्टिकल बोर्डाचे रुंद आट्यांचे स्क्रू मागा. शेवटचे दोन वेढे हाताने द्या, ड्रिल मशिनने भोकाचा भुगा होतो. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पावसाळ्यात फुगतात. पॉलिश नाहीतर फेविकॉलचा हात तरी मारा. जड सामान सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, आणि त्यातही मागे.

कपाट भिंतीला बांधायचं मात्र घाईत उरकू नका. पक्का केलेला, भरलेला ड्रॉवर बाहेर ओढला की सगळं कपाट पुढे झुकू शकतं. अमेरिकेत कपाटं अंगावर पडून लहान मुलं दगावली, तेव्हा 2016 मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीने सुमारे 2 कोटी 90 लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली होती. खोक्यात येणारी भिंतीची पट्टी लोक खोक्याबरोबरच भंगारात देतात. कारण काय, तर भिंतीला भोक नको! घरात रांगतं मूल असेल तर तळाआधी ती पट्टी.

आणि खाचेखालची कड लांबून तुटलेली असेल तर फेविकॉल वाया घालवू नका. पुढची दर्शनी फळी सोडवून ठेवा आणि सुताराकडून 12 मिमी प्लायचा नवा डबा करून घ्या. टेलिस्कोपिक चॅनेलसाठी डब्याची बाहेरची रुंदी कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा 26 मिमीने कमी लागते. हे माप पुढून आणि मागून, दोन्हीकडे घ्या. ही कपाटं काटकोनात असतातच असं नाही.