शिसं अडकलं तरी गळ वाचवा

खानापूरजवळ मलप्रभेच्या खडकाळ पात्रात गळाने मासे धरताना शिशाचं वजन कपारीत अडकतं आणि गळासकट तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) तुटतो. म्हणून वजन तंगुसाच्या वेगळ्या, कमजोर तुकड्यावर बांधा.

१. मुख्य तंगूस ०.३५ मिमी. टोकाला छोटा फास करा. त्याच्या वर वीतभर अंतरावर गळ बांधा, म्हणजे तो खडकापासून उंच राहतो.

२. फासाला ०.२० मिमीचा चार बोटं तुकडा, त्याला वजन. शिशाऐवजी जुना लोखंडी नट उत्तम, गेला तरी हळहळ नाही. गाठ ओली करूनच आवळा. कोरडी आवळली की घासून तंगूस कमजोर होतो.

अडकलं तर झटका न देता सरळ, सावकाश ओढा. बारीक तुकडाच तुटतो.

ओढताना तंगूस हाताला गुंडाळू नका, बोट चिरतं. एखाद्या सुट्या काठीला तंगुसाचे वेढे देऊन ओढा.