फोटो-सीनरी: सगळीकडे झूम वाढवू नका

एक्स-प्लेन या विमानोड्डाणाच्या सिम्युलेटरसाठी ऑर्थोफोरएक्सपी हे साधन वापरून उपग्रहचित्रांची सीनरी (जमिनीचं दृश्य) बनवताना पहिला मोह असतो तो झूम लेव्हल, म्हणजे चित्रांच्या बारकाव्याची पायरी, वाढवण्याचा. आवरा! एक पायरी चढली की त्याच भूभागासाठी चौपट चित्रं लागतात, आणि डिस्क बघता बघता भरते. विषुववृत्तापाशी झूम लेव्हल १६ला एक पिक्सेल साधारण २.४ मीटरचा, १७ला १.२, तर १८ला ०.६ मीटरचा. क्रूझिंगच्या उंचीवरून हा फरक कोणाला दिसणार? म्हणून एक अंश अक्षांश बाय एक अंश रेखांशाची अख्खी टाइल (नकाशाचा चौकोन) १६वर बनवा आणि फक्त विमानतळ व उतरण्याच्या मार्गाभोवती १८चा पट्टा आखा. धावपट्टीजवळची शेतं, रस्ते तिथेच जवळून दिसतात.

चित्रांचा स्रोत निवडताना ढग, सावल्या आणि ऋतू तपासा. शेजारच्या दोन टाइल्स वेगवेगळ्या रंगांच्या निघाल्या तर वरून गोधडी दिसते.

आणि हो, इमारती, झाडं गायब झाली तर सीनरी पॅक्सच्या यादीतला क्रम बघा. नवीन पॅकेज सिम्युलेटर आपोआप सर्वात वर टाकतो, म्हणून क्रम हाताने असा लावा: विमानतळ वर, त्याखाली ओव्हरले (इमारती, झाडं यांचा थर), फोटोंच्या टाइल्स तळाशी.