डॉट की टाय? नोटेशन लिहिताना या चुका टाळा

पाश्चात्त्य नोटेशनमध्ये स्वर लांबवायच्या दोन खुणा आहेत: डॉट, म्हणजे नोटेची किंमत निम्म्याने वाढवणारा ठिपका, आणि टाय, म्हणजे दोन नोटांना जोडून एकच लांब स्वर करणारी कमान. दीड बीटचा स्वर डॉटेड क्रॉचेटने लिहिला काय आणि क्वेव्हरला क्रॉचेट टाय करून लिहिला काय, कानाला फरक पडत नाही. म्हणूनच नवशिका जे पटकन लिहून होईल ते लिहितो, म्हणजे डॉट ठोकून मोकळा होतो. पण कागद असतो तो पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. बीट कुठे पडतोय हे त्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. डॉट आणि टाय यांतली निवड एवढ्यासाठीच करायची असते. ज्यांना अमेरिकन नावांची सवय आहे त्यांच्यासाठी: मिनिम म्हणजे हाफ नोट (४/४ मध्ये दोन बीट), क्रॉचेट म्हणजे क्वार्टर (एक बीट), क्वेव्हर म्हणजे एट्थ (अर्धा बीट).

४/४ मधला तिसरा बीट गिळणं

तालमीचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. चार बीटचा बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला (बारलाईनमधला) तुकडा, असा लिहिलेला असतो: क्रॉचेट, क्वेव्हर, डॉटेड क्रॉचेट, क्रॉचेट. एक, अर्धा, दीड, एक. बेरीज चार. गणित चोख आहे आणि लिखाण चुकलेलं आहे.

हा बार चार वादकांपुढे ठेवला की काय होतं? सरावलेला डोळा ४/४ चा बार मधोमध तोडून वाचतो: पहिला-दुसरा बीट एकीकडे, तिसरा-चौथा दुसरीकडे. इथे लांब स्वर दुसऱ्या बीटच्या 'नि'वर ('एक-नि-दोन-नि' मोजतानाचा 'नि', म्हणजे बीटच्या मध्यावर) सुरू होतो आणि तिसऱ्या बीटवर कागदावर काहीच उभं नाही. एक जण डॉट विसरतो आणि शेवटचा क्रॉचेट अर्धा बीट आधीच वाजवतो. दुसरा डॉट मोजतो, पण मध्ये बीट हरवल्यामुळे पुढच्या बारमध्ये उशिरा शिरतो. उरलेले दोघे एकमेकांकडे बघत थांबतात. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच अडखळणं. मग कोणीतरी वैतागून "नीट मोजा ना!" म्हणतं. मोजणाऱ्यांची चूक नसते. खोट कागदात असते.

दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची आहे. डॉटेड क्रॉचेट खोडा, त्याच्या जागी क्वेव्हर आणि नवा क्रॉचेट लिहा आणि त्या दोघांना टाय करा. आता तो नवा क्रॉचेट बरोबर तिसऱ्या बीटवर उभा राहतो. ऐकू तेच येतं, पण वाचणाऱ्याला पाय टेकायला जागा मिळते.

सवय एकच लावा: ४/४ च्या प्रत्येक बारमध्ये मधोमध पेन्सिलने फिकी उभी रेघ ओढा. जी नोट ती रेघ ओलांडते ती तोडा आणि टाय करा. तीनच सूट द्याव्यात: दुसऱ्या बीटवर सुरू होणारा मिनिम, पहिल्या किंवा दुसऱ्या बीटवर सुरू होणारा डॉटेड मिनिम, आणि पूर्ण बारचा सेमीब्रीव्ह (चार बीटची होल नोट). बाकी "सगळे असंच लिहितात" ही सबब ऐकायची नाही.

याच रेघेमुळे साडेतीन बीटच्या स्वराचा प्रश्नही सुटतो. डबल डॉट लावलेला मिनिम व्याकरणात बसतो, कारण पहिला डॉट मूळ किमतीच्या निम्मं वाढवतो आणि दुसरा पाव: दोन, एक, अर्धा. पण मिनिम आणि त्याला टाय केलेला डॉटेड क्रॉचेट जास्त स्वच्छ वाचला जातो. डबल डॉट बहुतेकदा हौसेपायी लावलेला असतो.

६/८ ला ३/४ समजणं

दोन्हींत सहा क्वेव्हर मावतात, म्हणून घोळ होतो. ३/४ मध्ये बीट तीन, पण ६/८ मध्ये बीट दोन, प्रत्येक बीट एक डॉटेड क्रॉचेट. चार क्वेव्हरइतका लांब स्वर इथे मिनिमने लिहिला की दुसरा बीट झाकला जातो. पहिल्या बीटपासून सुरू होत असेल तर डॉटेड क्रॉचेट आणि त्याला टाय केलेला क्वेव्हर, असं लिहा. पाच क्वेव्हरचा असेल तर डॉटेड क्रॉचेट आणि क्रॉचेट. ९/८ चा अख्खा बार धरायचा असेल तर डॉटेड मिनिमला डॉटेड क्रॉचेट टाय करावाच लागतो.

टायला स्लर समजणं

दोन्ही चिन्हं कमानीसारखीच. टाय एकाच उंचीच्या, लगतच्या दोन नोटांना जोडतो आणि दुसरी नोट पुन्हा वाजवायची नसते. उंची वेगळी असली की तो स्लर, म्हणजे स्वर न तोडता सलग वाजवण्याची खूण. तीन बार धरलेल्या स्वराला पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत एकच लांब कमान काढणारे बरेच असतात. ते चूक आहे. तीन नोटांना दोन टाय लागतात, प्रत्येक जोडीला एक. तीन स्वरांचा कॉर्ड धरायचा असेल तर तीन टाय. एकच काढला तर बाकीचे दोन स्वर पुन्हा वाजतील.

शार्प-फ्लॅटचं विसरू नका. फा शार्प टाय होऊन बारलाईनपलीकडे गेला की शार्प त्या टाय केलेल्या नोटेपुरता टिकतो. त्याच बारमध्ये पुढे फा शार्पच हवा असेल तर चिन्ह पुन्हा लिहावं लागतं.

थोडक्यात उरकण्यासारख्या

डॉट नोटेच्या उजवीकडे. डोक्यावर किंवा खाली दिला तर तो स्टकाटो होतो आणि स्वर लांबण्याऐवजी तुटतो.

नोट रेषेवर असेल तर डॉट तिच्या वरच्या मोकळ्या जागेत. रेषेवरचा डॉट दिसतच नाही.

रेस्टला (शांततेच्या चिन्हाला) टाय करत नाहीत. कधीच नाही.

डॉटने बारलाईन ओलांडता येत नाही. जुन्या छापील प्रतींत पुढच्या बारच्या सुरुवातीला सुटा डॉट दिसतो, पण आज तसं लिहू नका.

सॉफ्टवेअरवर सोडून देणं

कीबोर्डवर थेट वाजवून रेकॉर्ड केलं की प्रोग्राम प्रत्येक हललेलं बोट प्रामाणिकपणे टिपतो. मग क्वेव्हरला सेमीक्वेव्हर (क्वेव्हरच्या निम्मा) टाय, त्याला आणखी एक टाय, असं जंगल उगवतं. वाजवणाऱ्याने साधा क्रॉचेट किंचित उशिरा सोडलेला असतो, एवढंच. आधी क्वांटाइझ करा, म्हणजे पुढे-मागे झालेल्या नोटा जवळच्या ठराविक जागी बसवा, सगळ्यात लहान नोट क्वेव्हर ठेवा, आणि जिथे खरोखर सेमीक्वेव्हर आहेत तेवढेच बार हाताने भरा.

म्यूझस्कोर या नोटेशनच्या प्रोग्राममध्ये नोट निवडून 'टी' दाबलं की टाय येतो आणि 'एस' दाबलं की स्लर. घाईत दाबलेला 'एस' पडद्यावर टायसारखाच दिसतो, पण प्लेबॅकमध्ये दुसरी नोट पुन्हा वाजते. म्हणून प्रत्येक कमान एकदा कानाने तपासा. टूल्स मेनूत ताल नव्याने मांडण्याची सोय आहे, तिचा उपयोग करा. पण नंतर प्रत्येक बार स्वतः 'एक-नि-दोन-नि-तीन-नि-चार-नि' म्हणत बोटाने वाचा. जिथे 'तीन' म्हणताना बोटाखाली काहीच सापडत नाही तिथे थांबा आणि वर दिलेल्या तीन सुटींपैकी एखादी लागू होते का ते पाहा. होत नसेल तर तिथे टाय हवा.