घरी फंकी बेस रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

बेस गिटारचा ट्रॅक ढिसाळ वाटला की पहिला हात जातो तो प्लग-इनकडे (आवाज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरकडे). पण फंक या ठेक्यावर चालणाऱ्या संगीतात बेस घट्ट वाटतो तो सूर कुठे थांबतो त्यावरून. वेळेवर सुरुवात बहुतेकांना जमते. सूर वेळेवर तोडणं हे खरं काम, आणि ते हातातच व्हावं लागतं.

न वाजणाऱ्या तारा मोकळ्या सोडणं

सगळ्यात जास्त ट्रॅक बिघडतात ते इथे. तुम्ही डी तारेवर वाजवत असता आणि ई, ए या जाड तारा हळूच गुंजत राहतात. वाजवताना कळत नाही. नंतर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारं साधन) लावून आवाज वाढवला की ती गुंज वर येते आणि सगळं गढूळ होतं. उजवा अंगठा ई तारेवर टेकलेला ठेवा. डी किंवा जी तारेवर गेलात की तोही ए तारेकडे सरकवा. सूर तोडताना डाव्या बोटाचा दाब सोडा, स्पर्श सोडू नका. तोच स्पर्श ठेवून तार छेडली की घोस्ट नोटचा (सूर न उमटणाऱ्या ठोक्याचा) कोरडा ‘टप्’ मिळतो. त्यात शिट्टीसारखा सूर डोकावत असेल, तर एका बोटाऐवजी दोन-तीन बोटं आडवी टेकवा.

तरीही गुंज राहिलीच, तर ब्रिजजवळ (तारा खालच्या टोकाला अडकवतात तिथे) तारांखाली फोमची पट्टी सरकवा. जुन्या फेंडर प्रिसिजन बेसच्या ब्रिजवरच्या झाकणात अशी पट्टी कंपनीच बसवायची. सोलापूरकरांना फोम शोधायचीही गरज नाही. जुन्या टर्किश टॉवेलची बोटभर घडी छान काम करते. मात्र ती कोंबू नका. तार वर उचलली गेली की सूर चढतो, त्यामुळे घडी लावल्यावर पुन्हा ट्यून कराच.

खोलीवर विश्वास ठेवणं

आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा आवाज घुमतो. मोकळी ए तार 55 हर्ट्झची! म्हणजे भिंतीला टेकून बसलात तर ए दणदणतो, खोलीच्या मधोमध बसलात तर जवळपास गायब होतो. मग माणूस नसलेला दोष ईक्यूने (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या साधनाने) दुरुस्त करत बसतो. भिंतीवर सोलापुरी चादर टांगल्याने टाळीचा खणखणाट कमी होतो, पण 55 हर्ट्झची लाट सहा मीटरहून लांब असते. ती चादरीला जुमानत नाही. खालच्या सुरांचा निर्णय चांगल्या हेडफोनवर घ्या.

याच कारणासाठी माझं स्पष्ट मत आहे: घरी ॲम्पसमोर माइक लावू नका, बेस थेट इंटरफेसमध्ये (वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीत) जोडा. सोलापूरच्या साखर पेठेत शेजारी यंत्रमाग खडखडत असला तरी तो ट्रॅकमध्ये येत नाही, आणि मे महिन्यात पंखाही चालू ठेवता येतो.

पंख्याचा आवाज येत नाही, पण त्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असेल तर सिंगल-कॉइल पिकअप (तारेचं कंपन टिपणारा, एकाच वेटोळ्याचा भाग) चरचरू शकतो. पंखा फुल करून बघा. चरचर तशीच राहिली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका; जिवाशी खेळ आहे.

बटणं आणि आकडे

पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बेस लाइन इनपुटला जोडला की वरचा टणत्कार मरतो. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ निवडा. गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) ठरवताना हळू वाजवून बघू नका, सगळ्यात जोरात स्लॅप (अंगठ्याने तारेवर ठोका) मारा आणि तो उणे 10 डीबीच्या आसपास थांबू द्या.

कॉम्प्रेसरचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) 1 मिलिसेकंदावर ठेवला की ठोका सुरुवातीलाच दाबला जातो. 20 ते 30 ठेवा, रेशो (किती दाबायचं ते प्रमाण) 4:1. रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) इतका की पुढच्या सुराआधी मीटरचा काटा परत जागेवर येईल: 100 बीपीएमला (मिनिटाला 100 ठोक्यांना) सोळाव्या भागाच्या दोन सुरांत 150 मिलिसेकंदांचं अंतर असतं, म्हणजे रिलीज त्याच्या आत हवा.

आणि वाजवताना आवाज मागून येतोय असं वाटलं, तर बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो त्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या) तपासा. 48 किलोहर्ट्झला 1024 म्हणजे एका बाजूचाच उशीर 21 मिलिसेकंद. 128 वर तो तीनच्या आत येतो. मिक्सिंगला बसलात की परत वाढवा.