जुनी हेरल्ड गाडी रोज चालवायची असेल तर या चुका टाळा

गेल्या महिन्यात पुन्हा तेच बघायला मिळालं. खानापूरकडचा एक तरुण दोन दारी स्टँडर्ड हेरल्ड घेऊन उद्यमबागेत आला होता. रंग नवा कोरा, चकचकीत लाल. पुढच्या दोन्ही चाकांच्या आत, खालच्या ट्रनियनमधून, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या पितळी सांध्यातून, पिवळं ग्रीस बाहेर आलेलं. "फुल्ल ग्रीस मारून घेतलंय काका," म्हणाला. मी त्याला म्हटलं, गाडी पुढे नेऊ नकोस, इथंच जॅकवर घे.

माझ्याकडे बाबांची 1964 ची हेरल्ड आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961 पासून ही गाडी आपल्याकडे बनवली. 948 सीसीचं इंजिन, इटलीच्या मिकेलोत्तीने आखलेला देह, आणि पुढचं सगळं तोंड बॉनेटसकट उघडतं. ट्रायम्फच्या स्पिटफायर आणि जीटी-6 या स्पोर्ट्स गाड्यांची पुढची चाकंही याच पद्धतीने बसवलेली. त्यामुळे खाली लिहिलंय ते त्या गाड्या सांभाळणाऱ्यालाही बरंचसं लागू पडेल. मी ही गाडी टिळकवाडी ते उद्यमबाग रोज चालवतो, पावसाळ्यातही.

आधी ग्रीसचं बघू, कारण यात जीव जाऊ शकतो.

पुढच्या चाकाला धरणारी उभी पोलादी लिंक खाली पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर बसलेली असते. स्टेअरिंग फिरवलं की लिंक त्या आट्यांवर फिरते. तिथं ईपी 90 गिअर तेल घालायचं असतं. पण तेल-ग्रीस भरायचं निपल दिसलं की आपल्याकडचा कुठलाही मेस्त्री ग्रीसगन लावतो, कारण बाकी सगळ्या गाड्यांना तेच चालतं. ग्रीस आट्यांमध्ये वरपर्यंत चढत नाही. तोंडाशी साचतं, वाळतं आणि साबणासारखं घट्ट होतं. त्याच्याखाली पाणी शिरतं आणि आट्यांच्या मुळाशी गंज धरतो. तिथूनच लिंकला तडा जायला सुरुवात होते, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

माझ्या गाडीची सर्व्हिसिंग पूर्वी एका गॅरेजमध्ये व्हायची. दर वेळी बिलावर 'ग्रीसिंग' लिहिलेलं असायचं आणि मीही कधी विचारलं नाही. एका जुलैत आम्ही चौघं साखळीहून चोर्ला घाट चढून आलो. धुकं, पाऊस, एका बाजूला दरी. जांबोटी मागे टाकून बेळगावात पोचलो. गोवावेसला गाडी वळवताना स्टेअरिंग पूर्ण कापलं, वेग माणूस चालतो तेवढा, आणि 'टक्' असा आवाज आला. पुढचं डावं चाक आडवं होऊन मडगार्डखाली गेलं आणि गाडी नाकावर बसली. आई मागच्या सीटवर होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

तुटलेली लिंक अजून माझ्या टेबलावर आहे. तुटलेल्या तोंडाचा तीन चतुर्थांश भाग तांबूस-काळा, जुन्या गंजाचा. उरलेला एक कोपरा तेवढा चांदीसारखा पांढरा. म्हणजे त्या दिवशी तुटला तो फक्त तो कोपरा. बाकीची लिंक कधीच तुटलेली होती, आणि तेवढ्या कोपऱ्यावर आम्ही घाट चढलो होतो.

"वेल्डिंग मारून देतो, हाय काय त्यात," असं मला त्या दिवशी दोघांनी सांगितलं. असलं कधीही करून घेऊ नका. लिंक घडीव पोलादाची असते. आट्यांच्या मुळाशी वेल्डिंग केलं की ती शेजारून तुटते. लिंक आणि ट्रनियन जोडीनेच बदला. डाव्या-उजव्या बाजूच्या आट्यांची दिशा उलट असते, म्हणून अदलाबदल होऊ देऊ नका. लिंक पूर्ण आवळून बसवल्यावर थोडी उलटी फिरवून मोकळी ठेवा, म्हणजे स्टेअरिंग दोन्हीकडे पुरतं वळेल.

माझी सवय अशी: गणपतीच्या आधी आणि शिमग्याच्या आधी तेल, आणि मधल्या पावसात महिन्यातून एकदा. पुढची बाजू स्टँडवर घ्यायची, ऑइलगन लावायची, कुणाला तरी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगायचं आणि वरून तेल पाझरेपर्यंत पंप मारायचा. नंतर दोन दिवस जमिनीवर थेंब पडतात. पडू देत. ज्यांना फरशीवरचे थेंब खपत नाहीत, त्यांनीच पुन्हा ग्रीस भरल्याचं मी पाहिलंय.

दुसरी चूक त्याच लाल गाडीची, आणि ती मला जास्त बोचते. त्या मुलाने सगळ्यात आधी रंग केला. इंजिन, ब्रेक, चासी सगळं नंतर. रंग दिसतो ना, मोबाईलवर फोटो टाकता येतो. त्याचं दार वरच्या कोपऱ्यात घासत होतं आणि खाली बोट जाईल एवढी फट होती. पत्रा ठोकणाऱ्या टिंकरने बिजागरी वाकवून, कडेला लांबी (पुट्टी) भरून ते कसंबसं बसवलेलं. दोन महिन्यांत लांबीला चीर गेली.

हेरल्डला वेगळी चासी असते. तिचे दोन मुख्य दांडे मधून जातात आणि बॉडीच्या कडा बाहेर निघालेल्या आडव्या हातांवर टेकतात. आपल्याकडच्या पावसात आधी कुजतात ते हे हात. ते बसले की मधला भाग खाली येतो, दाराच्या पुढचा आणि मागचा खांब वरच्या बाजूने एकमेकांकडे झुकतात, आणि दार वर अडतं. म्हणून दार अडलं की बिजागरीला हात लावायच्या आधी गाडीखाली आडवे व्हा. छोटी हातोडी घेऊन त्या आडव्या हातांवर टकटक करा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भदभद वाजतो. भदभद वाजलं तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवा टाकून वेल्डिंगचे टाके मारा, मगच कापाकापी. बॉडी आणि चासीच्या मधे रबर आणि पत्र्याच्या पट्ट्या असतात. कुठल्या बोल्टखाली किती होत्या ते वहीत लिहा. मोबाईलवरच्या फोटोत पट्ट्या मोजता येत नाहीत.

माझा क्रम ठरलेला आहे: ब्रेक, स्टेअरिंग, चासी, वायरिंग, इंजिन, आणि एक अख्खा पावसाळा गाडी चालवून झाल्यावर रंग. पहिल्या पावसात पाणी कुठून शिरतं ते कळतं. ते कळायच्या आत रंगावर खर्च केलेले पैसे पुन्हा खर्च होतात. घाई असेल त्याने ही गाडी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पान्ह्यांबद्दल थोडं. या गाडीचे बोल्ट इंची मापाचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी. 13 चा पान्हा त्यावर बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की कोपरे गोल होतात. मग व्हाइस ग्रिप, मग छिन्नी. इंची पान्ह्यांचा एक सेट घ्या आणि तो कुणाला उसना देऊ नका.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नव्हे. रेडिएटर साफ करा, बोअरचं पाणी घालू नका, पंख्याचा पट्टा तपासा.

ब्रेकचं मास्टर सिलिंडर एकच आणि सर्किटही एकच. एका चाकाशी गळती लागली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून ब्रेक ऑइल दरवर्षी मृगाच्या आधी बदला, आणि त्यात दुसरं कुठलंही तेल चुकूनही घालू नका, रबर फुगतात.

आता पेट्रोल. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आता आपल्याच टाकीत येतंय, 20 टक्के मिसळलेलं. 1964 चे रबर पाइप त्यासाठी नव्हते. ते आतून मऊ होतात आणि त्यांचे काळे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. गाडी चढावर गचके द्यायला लागली की लोक पॉइंट, प्लग, कॉइल सगळं एका दिवसात बदलतात आणि मग नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक फेरी मारून या. मी आधी जेटच काढून उजेडात धरतो. पाइप वायटॉनचे घ्या, पंपाचा पडदाही बदला. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर पंधरा-पंधरा दिवस उभी ठेवू नका. रोज चालणाऱ्या गाडीला हा त्रास कमी होतो.

बॅटरी बदलताना वायरी कुठल्या टोकाला होत्या ते बघा. माझ्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जोडलेलं आहे. नेहमीच्या सवयीने उलटी जोडली की नुकसान झालंच.

कागदांची एक गोष्ट. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि 'व्हीए' नंबर मिळतो. तो मानाचा वाटतो, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच वेळेवर नूतनीकरण करून घ्या.

आणि आंबोली किंवा चोर्ल्याला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: या गाडीच्या मागे आडवा पाटा (स्प्रिंग) आणि चाकासोबत वरखाली झुलणारे ॲक्सल आहेत. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला की मागची बाजू उचलते, चाक आत मुडपतं आणि गाडी फिरते. वेग वळणाच्या आधीच कमी करा, गिअर आधीच खाली घ्या, आणि वळण संपेपर्यंत पाय हलकेच पण ठेवलेला असू द्या. निघताना मागच्या टायरात पुढच्यापेक्षा हवा जास्त आहे ना, ते थंड टायरवर बघा.